शशी कपूरची ती मेहुणी

प्रश्न : ‘शेक्सपियरवाला’ या जुन्या इंग्रजी चित्रपटात शशी कपूरची प्रेयसी झालेली गोरी मुलगी ही त्याची खरोखरची मेहुणी होती आणि पुढे इंग्लंडात टीव्हीवर तिचं फार मोठं नाव झालं, असं आमचे एक स्नेही छातीठोकपणे सांगतात. ते थापा मारण्यात पटाईत आहेत, म्हणून विचारतो. यात खरं किती? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या खेपेला तुमच्या स्नेह्यांना पूर्ण गुण देऊन टाका. त्या मुलीचं नाव फेलिसिटी केंडल. शशी कपूरची पत्नी जेनिफर हिची ती धाकटी बहीण. दोघींच्या वयात तेरा वर्षांचं अंतर. म्हणजे कुणाल, करण आणि संजना यांची ती सख्खी मावशी. मेहुणी म्हणून आपण तिची ओळख करून देतो खरे, पण इंग्लंडात हा प्रश्न उलटा विचारावा लागेल. तिथल्या एका अख्ख्या पिढीला फेलिसिटी घरच्यासारखी ठाऊक आहे. शशी कपूर तिचा कोण, हे सांगावं लागतं.

नात्यापेक्षा मला मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. १९७०च्या दशकात इंग्रज प्रेक्षकांनी ‘आपली अगदी शेजारची पोरगी’ म्हणून जिला डोक्यावर घेतलं, ती शेजारी अशी कुणाच्या राहिलीच नव्हती. तिचं बालपण भारतातल्या रेल्वेच्या डब्यांत, भाड्याच्या खोल्यांत आणि विंगांमध्ये गेलं होतं.

वडील जेफ्री. मूळ आडनाव ब्रॅग; नट झाल्यावर आपल्या गावाचं, केंडलचं, नाव आडनाव म्हणून लावलं. आई लॉरा लिडेल, तीही नटी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी नाटकं घेऊन जेफ्री हिंदुस्थानात आला आणि या देशाच्या जो प्रेमात पडला तो पडलाच. युद्धानंतर त्याने स्वतःची कंपनी काढली, ‘शेक्सपियराना’. १९४७च्या सुमाराला एक मोठा दौरा केला, मग इंग्लंडात परतला आणि १९५३मध्ये बाडबिस्तरा घेऊन पुन्हा इकडे आला. तेव्हा फेलिसिटी जेमतेम सात वर्षांची होती. तिचा जन्म २५ सप्टेंबर १९४६चा, बर्मिंगहॅमजवळच्या ऑल्टनचा.

रंगभूमीवर मात्र ती त्याआधीच येऊन गेली होती, नऊ महिन्यांची असताना. शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये पऱ्यांचे राजा-राणी एका लहान मुलावरून भांडतात. ते मूल म्हणून तिला कडेवर घेऊन मंचावर आणलं गेलं. आता हे मूल नाटकात कुणाचं आहे? एका भारतीय राजाचं! मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते इतकं तंतोतंत खरं झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

‘शेक्सपियराना’चा संसार म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. शाळा, कॉलेजं, क्लब, संस्थानिकांचे राजवाडे, मोठ्या शहरांतली थिएटरं, जिथे बोलावणं येईल तिथे पेट्या भरून निघायचं. १९५३ ते १९५६ या साडेतीन वर्षांत कंपनीने आठशेहून जास्त प्रयोग केले. मंडळी मोजकी, त्यामुळे प्रत्येकाने चारचार भूमिका करायच्या, शिवाय पडदे बांधायचे, कपडे सांभाळायचे. मूल आहे म्हणून सूट नाही; उलट मूल आहे म्हणून मॅकडफचा पोरगा तिनेच व्हायचं. शिक्षण गावोगावच्या कॉन्व्हेंट शाळांत, तुकड्यातुकड्यांनी. आपल्याकडे जुन्या संगीत नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडात वाढलेल्या नटांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

१९५६मध्ये कोलकात्यात शशी कपूर आणि जेनिफर भेटले. शशी पृथ्वीराज कपूर यांच्या नाटक कंपनीतला अठरा वर्षांचा पोरगा, जेनिफर ‘शेक्सपियराना’ची नायिका. पुढे शशी केंडल मंडळींबरोबर दौऱ्यांवर कामं करू लागला. जेफ्रीला हे लग्न पसंत नव्हतं. जावयाचा रंग आड आला असं समजू नका. कंपनीची नायिका हातची जाईल, ही बापापेक्षा मालकाची धास्ती होती. १९५८मध्ये लग्न झालंच, आणि झालंही तसंच. थोरलीची जागा मोकळी झाली आणि धाकटी वयात आल्यावर एकेक भूमिका तिच्याकडे येत गेल्या.

प्रश्न : तो चित्रपट म्हणजे त्यांचीच गोष्ट आहे का? (पुण्याहून)

उत्तर : त्यांच्यावरून बेतलेली, पण हुबेहूब नव्हे. मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माइल मर्चंट, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, लेखिका रूथ प्रॉवर झाबवाला. जेफ्रीची जुनी रोजनिशी हाताशी होती. पैसा इतका तोकडा की चित्रपट काळापांढरा काढावा लागला. संगीत मात्र सत्यजित राय यांचं आणि कॅमेरा त्यांच्याच सुब्रत मित्रांचा. १९६५मध्ये तो प्रदर्शित झाला.

जेफ्री आणि लॉरा यांनी नाटक कंपनीच्या मालक जोडप्याचं काम केलं, फेलिसिटी त्यांची मुलगी लिझी झाली, जेनिफरने एक छोटी भूमिका केली. शशी कपूर लिझीवर भाळणारा रंगेल श्रीमंत तरुण. जिजाजी आणि मेहुणीला पडद्यावर प्रेम करायला लावायचं आणि बायकोला बाजूच्या भूमिकेत बसवायचं, हे धाडस घरचीच मंडळी करू जाणे.

त्यातला एक प्रसंग पाहाच. ‘ऑथेल्लो’चा प्रयोग रंगात आलाय, डेस्डेमोनाचा खून व्हायची वेळ, आणि तेवढ्यात सिनेतारका मंजुला थाटात येऊन आपल्या जागेवर बसते. प्रेक्षकांच्या माना मंचाकडून तिच्याकडे वळतात. संपलाच शेक्सपियर! ही मंजुला रंगवली मधुर जाफरी यांनी, आणि बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार पटकावला त्यांनीच. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात सिनेमाच्या लाटेपुढे इंग्रजी नाटकवाल्यांचं काय झालं, ते या एका दृश्यात आलं आहे. जेफ्रीला मात्र आपली कंपनी अशी केविलवाणी दाखवलेली रुचली नाही. तो नंतरही शेक्सपियर करतच राहिला.

चित्रपटाच्या शेवटी लिझीला बोटीने इंग्लंडला धाडतात. खरी फेलिसिटीही त्याच सुमाराला गेली, बापाच्या मनाविरुद्ध. सतराव्या वर्षी कोलकात्यात टायफॉइडने तिला लोळवलं होतं. विशीच्या आत बऱ्याच वर्षांचा अनुभव पदरी होता, पण लंडनमध्ये तो मोजायला कुणी तयार नव्हतं. ‘हिंदुस्थानातल्या शाळांमध्ये शेक्सपियर केलाय’ हे तिथे सांगण्यासारखं भांडवल नव्हतंच. तरी १९६६मध्ये बीबीसीच्या एका टीव्ही नाटकात थेट जॉन गिलगुड यांच्यासमोर उभं राहायची संधी मिळाली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल पडलं.

प्रश्न : मग टीव्हीवर एवढं काय गाजलं? आम्ही तिकडे मुलीकडे जाऊन राहिलो तेव्हा तिच्या शेजारच्या आजीबाई ‘गुड लाइफ, गुड लाइफ’ म्हणत होत्या. (ठाण्याच्या एक वाचक)

उत्तर : आजीबाई बरोबर बोलल्या. ‘द गुड लाइफ’ ही बीबीसीची विनोदी मालिका. एप्रिल १९७५ ते जून १९७८, एकूण भाग अवघे तीस. आपल्याकडच्या मालिकांचा तेवढा रतीब एका महिन्यात पुरा होतो.

कथा ऐका. टॉम गुड नावाचा चाळिशीला पोचलेला नोकरदार. काम काय, तर खाद्यपदार्थांच्या खोक्यात फुकट मिळणाऱ्या प्लास्टिकच्या प्राण्यांची चित्रं काढायची. एक दिवस त्याचं टाळकं सरकतं. राजीनामा देतो आणि लंडनच्या कडेला, सर्बिटन नावाच्या सभ्य, इस्त्रीच्या उपनगरात आपल्याच बंगल्याच्या बागेत शेती करायची ठरवतो. बायको बार्बरा त्याला साथ देते. ही बार्बरा म्हणजे आपली फेलिसिटी. हिरवळ उकरून बटाटे लावतात, बकरी आणतात, डुकरं पाळतात, कोंबड्याचं नाव लेनिन ठेवतात, मटारच्या सालींची दारू गाळतात. शेजारी राहतात जेरी आणि मार्गो. जेरी टॉमच्याच जुन्या ऑफिसात चढत गेलेला. मार्गो नाक वर करून चालणारी, पण मनाने वाईट नाही.

हे असं काही लोकांना का भावलं? काळ लक्षात घ्या. तेलाचे भाव भडकलेले, कोळसा कामगारांचा संप. १९७४च्या सुरुवातीला वीज वाचवायला उद्योगधंदे आठवड्यातून तीनच दिवस चालवायचा हुकूम निघालेला. जॉन सीमोर यांची स्वयंपूर्ण शेतीवरची पुस्तकं तेव्हा खपत होती. नोकरीवर लाथ मारून मातीत हात घालावेत, हे स्वप्न बऱ्याच डोक्यांत होतं. प्रत्यक्षात कुणी घालणार नव्हतं, म्हणून टॉम-बार्बराने त्यांच्या वतीने घातले.

बार्बराची भूमिका फेलिसिटीकडे आली तीही नाटकामुळेच. १९७४मध्ये ॲलन एकबर्न यांच्या ‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स’ या नाट्यत्रयीत ती आणि पेनेलोपी कीथ काम करत होत्या. मालिकेचे निर्माते आणि नायक रिचर्ड ब्रायर्स यांच्या नजरेत दोघी तिथे भरल्या. एक बार्बरा झाली, दुसरी मार्गो. चौथे पॉल एडिंग्टन, म्हणजेच पुढचे ‘येस मिनिस्टर’मधले मंत्रिमहोदय. त्या मालिकेचा आपल्याकडचा हिंदी अवतार ‘जी मंत्रीजी’ फारूख शेखमुळे अनेकांना आठवत असेल.

१९७७चा नाताळचा भाग मला फार आवडतो. मार्गोने मागवलेलं नाताळचं झाड अर्धा फूट आखूड निघतं. ती ते बाणेदारपणे परत पाठवते आणि त्याबरोबर दुकानदाराची सगळीच ऑर्डर, अख्खा सण, गाडीतून परत जातो. शेवटी नवराबायको शेजारच्या कफल्लकांकडे जेवायला येतात. तिथे सगळं घरचं. फटाक्यांच्या नळ्याही हाताने केलेल्या, आत दारूच नाही, तेव्हा ओढताना तोंडाने ‘ठो!’ म्हणायचं. डोक्यावर वर्तमानपत्राच्या टोप्या. मार्गोला टोपीची हरकत नाही, पण ती ‘डेली मिरर’ची आहे! टोपीसुद्धा तिला ‘टेलिग्राफ’चीच हवी. या गोंधळात फेलिसिटीकडे पाहा. ती विनोद पुढे ढकलत नाही. समोरच्याचं ऐकते आणि मग डोळ्यांत हसू येतं. हे ऐकणं दौऱ्यावरच्या नटांना शिकावंच लागतं, समोरचा आज काय विसरेल याचा नेम नसतो.

आणि एक भाग असा आहे की तिथे हसू थांबतं. घरफोडी होऊन टॉम-बार्बराच्या घराची पार नासधूस झालेली असते. इतकी वर्षं चिखलात राबूनही न वाकलेल्या बार्बराचा धीर तिथे सुटतो. विनोदी मालिकेतली नटी म्हणून तिला हलक्यात काढणाऱ्यांनी तो भाग जरूर बघावा.

शेवटचा खास भाग १९७८मध्ये राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांच्या समक्ष स्टुडिओत चित्रित झाला. आणि हो, तुमच्या मुलीला सर्बिटनला जाऊन ते घर शोधायला सांगू नका. बाहेरची दृश्यं नॉर्थवुडला घेतली होती.

प्रश्न : एवढ्या प्रसिद्धीनंतर त्या एकाच साच्यात अडकल्या नाहीत का? (कोल्हापूरहून)

उत्तर : अडकल्या, आणि चांगल्याच. बार्बराची डंगरी आणि तो किंचित घोगरा, लाडिक आवाज प्रेक्षकांच्या डोक्यातून जाईना. वर्तमानपत्रांनी तिला ‘गोड’ ठरवून टाकलं. १९८१मध्ये तर सुंदर पार्श्वभागाबद्दल दिला जाणारा एक वाह्यात वार्षिक किताबही तिच्या गळ्यात मारला. हा किताब तिकडे लोक हौसेने घेत. मला त्यात हौस कमी आणि आचरटपणा जास्त दिसतो. १९८४च्या ‘द यंग वन्स’ या उनाड मालिकेत एका पात्राने ‘द गुड लाइफ’ची सुरुवातीची पाटीच टराटरा फाडून त्यातल्या मंडळींच्या गोडव्यावर शिव्यांचा भडिमार केला. टिंगल झाली खरी, पण फाडायलाही हीच पाटी निवडली, यातच सगळं आलं.

लेखिका कार्ला लेन यांनी तिला दोनदा या साच्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला. ‘सोलो’मध्ये (१९८१-८२) ती बाहेरख्याली मित्राला हाकलून देऊन एकटीने आयुष्य उभारणारी बाई झाली. ‘द मिस्ट्रेस’मध्ये (१९८५-८७) एका विवाहित पुरुषात गुंतलेली फुलांच्या दुकानाची मालकीण. ही दुसरी लोकांना पचली नाही. कितीतरी प्रेक्षकांची तक्रार होती की बार्बरा असं वागूच कशी शकते! १९९४च्या ‘हनी फॉर टी’त ती अमेरिकन विधवा झाली. ती मालिका पडली, तिच्याबद्दल अधिक काय लिहावं.

लोकप्रियता पुन्हा मिळाली ती २००३मध्ये, ‘रोझमेरी अँड थाइम’मुळे. तीत ती विद्यापीठातून काढून टाकलेली वनस्पतिरोगांची तज्ज्ञ आणि पॅम फेरिस ही माजी पोलीस. दोघी लोकांच्या बागा दुरुस्त करायला जातात आणि प्रत्येक बागेत एक मढं निघतं. तर्क फार ताणू नये, बागा बघाव्यात.

प्रश्न : नाटककार टॉम स्टॉपर्ड यांच्याशी त्यांचं नाव जोडलं जातं, ते काय प्रकरण? (मुंबईहून)

उत्तर : दोघांच्या नात्यावर इंग्रजी वर्तमानपत्रांनी बादलीभर शाई ओतली आहे, मी त्यात थेंब घालत नाही. कामाविषयी सांगतो, कारण टीव्हीने तिला प्रसिद्ध केलं तरी नटी म्हणून टिकवलं रंगभूमीने, असं माझं मत आहे. १९७९मध्ये नॅशनल थिएटरच्या ‘अमेडियस’मध्ये ती मोझार्टची बायको होती. म्हणजे टीव्हीची लाट ऐन भरात असताना ती मंचावर परतली. मग स्टॉपर्ड यांची एकामागून एक नाटकं : ‘ऑन द रॅझल’, ‘द रिअल थिंग’, ‘हॅपगुड’, ‘आर्केडिया’. यांतल्या शेवटच्या तिन्हींतल्या तिच्या बायका हुशार, तिखट, वादात न हरणाऱ्या. ‘गोड’ हा शिक्का पुसायला याहून चांगला खोडरबर नव्हता.

या दोघांना जोडणारा एक धागा भारताचाही आहे. स्टॉपर्ड जन्माने चेक. युद्धात कुटुंब परागंदा झालं, वडील गेले, आई मुलांना घेऊन हिंदुस्थानात आली आणि हा मुलगा दार्जिलिंगच्या शाळेत शिकला. १९४६मध्ये तो इंग्लंडला गेला, त्याच वर्षी फेलिसिटीचा जन्म. १९९१मध्ये त्यांनी ‘इन द नेटिव्ह स्टेट’ ही श्रुतिका लिहिली आणि तिलाच अर्पण केली. १९३०च्या हिंदुस्थानात, एका काल्पनिक संस्थानात आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा क्रू आणि तिचं चित्र काढणारा नीरद दास यांची ती गोष्ट. १९९५मध्ये या श्रुतिकेचं ‘इंडियन इंक’ हे नाटक झालं. दोन्हींत फ्लोरा फेलिसिटीच.

प्रश्न : मराठी रंगभूमीशी केंडल घराण्याचा काही संबंध? (सोलापूरहून)

उत्तर : फेलिसिटीचा थेट नाही, जेनिफरचा आहे. शशी-जेनिफरने जुहूला उभारलेलं पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ला सुरू झालं ते गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगाने. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी त्यात होते. मंचाला तीन बाजूंनी बिलगून बसायची ती जागा वेद सेगन यांनी आखलेली. पृथ्वीचा रोजचा गाडा जेनिफरने हाकला आणि त्याच काळात ‘३६ चौरंगी लेन’मध्ये एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकाही रंगवली. त्यात तिच्या भावाचं काम तिच्या सख्ख्या बापाने, जेफ्रीने केलं आहे. ७ सप्टेंबर १९८४ला कर्करोगाने ती गेली. पन्नाशीच ओलांडली होती.

जेफ्री १९९८मध्ये गेला. तो रुग्णालयात बेशुद्ध पडलेला असताना त्याच्या उशाशी बसून आठवलेलं सगळं फेलिसिटीने ‘व्हाइट कार्गो’ या आत्मकथनात लिहिलं. सिनेनटीचं आत्मचरित्र म्हणून वाचायला घ्याल तर फसाल; त्यात टीव्ही थोडा आणि बाप फार आहे.

प्रश्न : आता त्या काय करतात? (नाशिकचेच वाचक, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला)

उत्तर : कामं करतात! २०२३मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, लंडनला ‘नॉइजेस ऑफ’ या फार्समध्ये डॉटी झाल्या. ही डॉटी म्हणजे टीव्हीमुळे गाजलेली आणि आता पदरचे पैसे घालून एक टुकार नाटक गावोगाव नेणारी नटी. हातात सार्डिन माशांची बशी, समोर सात दारं आणि कुठलंही दार वेळेवर उघडत नाही. दौऱ्यावरच्या कंपनीत लहानाची मोठी झालेल्या बाईने ती करावी, हे निवड करणाऱ्याला सुचलं असेल तर त्याला दाद द्यायला हवी.

आणि २०२५च्या डिसेंबरात हॅम्पस्टेड थिएटरमध्ये ‘इंडियन इंक’ पुन्हा आलं. स्टॉपर्ड २९ नोव्हेंबरला गेले, प्रयोग सुरू व्हायला काही दिवस उरले असताना. फ्लोरा आता दुसरी तरुण मुलगी करणार होती. फेलिसिटीने घेतली एलेनॉर स्वानची भूमिका : हिंदुस्थानात गेलेल्या, तिथेच वारलेल्या फ्लोराची म्हातारी झालेली धाकटी बहीण.

पाहायला सुरुवात करायचीच असेल तर आधी ‘शेक्सपियरवाला’ काढा, मग ‘द गुड लाइफ’चा तो नाताळचा भाग. आणि स्नेह्यांनाही शेजारी बसवा.